नोराने न लावलेलं फूल

मला आजही कोणी छातीवर काही टोचायला आलं, की डोक्यात तिडीक जाते. पंधरा ऑगस्टचा कागदी झेंडा असो, संमेलनाचा बिल्ला असो, नाहीतर कुठल्यातरी आजाराच्या नावाची रिबन असो. स्वयंसेविका बिचारी हसत पुढे येते, "काका, लावते हं," म्हणते, आणि मी खेकसतो, "हातात दे!" बायको म्हणते, म्हातारपणी तिरसट झालात. म्हातारपणाचा काही संबंध नाही. हा राग जुना आहे, अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या चँडलर गावच्या चिप फॅक्टरीतला, आणि त्यातला निम्मा एका इंग्रज मॅनेजरवर आहे. उरलेला निम्मा कोणावर, ते पुढे येईलच.

ज्या बाईमुळे हा राग माझ्याकडे राहिला, तिला मी इथे नोरा म्हणतो. खरं नाव वेगळं होतं. आयर्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून विशीत अमेरिकेत आलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मी चँडलरला नोकरीला लागलो तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती आणि ती आमच्या क्लीन रूमची सुपरवायझर होती. क्लीन रूम म्हणजे जिथे कॉम्प्युटरच्या चिप बनतात ती बंद खोली. तिथे धुळीचा एक कण पडला तरी ज्या चकतीवर त्या चिप कोरतात ती अख्खी चकती फुकट जाते. म्हणून आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा, तोंड झाकायचं, हातमोजे घालायचे. पावडर नाही, अत्तर नाही, दागिना नाही, कागद तर मुळीच नाही. त्या दारात नोरा उभी असायची. बुटकी, काटक, निळे डोळे बारीक करून माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळणारी. फॅक्टरीचा मालक आला असता तरी तिने त्याची नखं तपासली असती.

माझी आणि तिची पहिली भेट म्हणजे भांडणच. आदल्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण झाला होता. मी सकाळी कपाळाला अष्टगंध लावून, नवा शर्ट घालून थाटात कामावर गेलो. नोराने दारात हात आडवा केला.

"ते पुसून ये."

"हा माझा धर्म आहे," मी म्हणालो. तेव्हा वय तिशीचं, आणि अमेरिकेत नवा आलेला माणूस धर्माच्या बाबतीत जरा जास्तच हळवा असतो.

"असेल ना. माझाही आहे." तिने झग्याच्या गळ्यातून आपली साखळी बाहेर ओढली. तिला मेरीमातेचं एक छोटं पदक होतं. ते तिने माझ्यासमोर काढलं आणि लॉकरमध्ये ठेवलं. "ही रोज इथे थांबते. तुझा देव पण थांबेल. देव समजूतदार असतात, चिप नसते."

मी पाय आपटत जाऊन कपाळ धुतलं. परत आलो तर म्हणते, "नाव काय?" मी सवयीने "डॅट" सांगितलं. सगळे तेच म्हणायचे. ती म्हणाली, "आईने काय ठेवलं ते सांग." दत्तात्रय हे नाव तिने चार वेळा घोकून घेतलं, आणि त्या दिवसापासून त्या फॅक्टरीत मला पूर्ण नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं. तिच्या लहानपणी सरकारी कागदांवर तिच्या घरच्यांची नावं कोणीतरी इंग्रजीत मोडून लिहिली होती म्हणे. "आम्हाला विचारलं नाही. नुसतं लिहून टाकलं," असं ती म्हणायची. विचारलं नाही, हे तिचं पालुपद होतं. कोणी तिचा कप हलवला, कोणी पाळी बदलली, की पहिला प्रश्न हाच, "मला विचारलंस?"

चहा मात्र असा प्यायची की आपल्याकडच्या गवंड्यानेही वाखाणावा. काळाकुट्ट, दूध घालून विटकरी केलेला, स्टीलच्या थर्मासमधून. अमेरिकन लोकांच्या धाग्याला लटकवलेल्या पुडीच्या चहाला ती "आजाऱ्याचं पाणी" म्हणायची. माझ्या बायकोने एकदा आल्याचा चहा पाजला तर तीन कप प्यायली आणि म्हणाली, इतकी वर्षं मी या वाळवंटात कुणासाठी थांबले होते ते आज कळलं. तेव्हापासून बायको तिला नोरामावशी म्हणू लागली.

आता त्या इंग्रजाकडे येतो. व्हिटकर म्हणू त्याला. आमच्या विभागाचा मॅनेजर. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण स्वतःच्या चांगुलपणाबद्दल त्याला कधी शंकाच आली नाही, आणि अशी माणसं फार नुकसान करतात. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंग्लंडहून त्याच्याकडे एक खोका यायचा. त्यात कागदाची लाल फुलं. पॉपीची, म्हणजे आपल्या खसखशीची. आपण त्या खसखशीवर अनारसे थापतो. इंग्रज लोक तिचं फूल युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी छातीवर लावतात. अकरा नोव्हेंबरला सकाळी अकराच्या ठोक्याला व्हिटकर कॅन्टीनमध्ये सगळ्यांना गोळा करी, दोन मिनिटं शांतता, मग चार शब्द. अमेरिकेतही त्या दिवशी माजी सैनिकांचा मान असतो, त्यामुळे कोणाला वावगं वाटत नसे. मी तर हौसेने लावायचो. फूल दिलं की घ्यायचं, नाही म्हणायचं नाही, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं.

एकदा तो खोका घेऊन थेट क्लीन रूमच्या दारात आला. नोरा म्हणाली, "कागद आहे. तंतू सुटतात. आत नाही."

"नोरा, एक मिनिटाचा प्रश्न आहे."

तिने भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट केलं. खाली सही व्हिटकरचीच होती. आम्ही तोंडावरच्या पट्ट्यांआड हसून घेतलं. मला वाटलं, काय शिस्त आहे बाईची! दर अकरा नोव्हेंबरला ती सकाळी आत शिरते आणि जेवायलाही बाहेर येत नाही, हे मी पुढची दोन वर्षं बघत होतो. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

कंजूष होती म्हणावं तर तसंही नाही. आमच्याकडे रे नावाचा मेकॅनिक होता, व्हिएतनाममध्ये एक पाय गमावलेला. मे महिन्यात तो किराणा दुकानाच्या दाराशी डबा घेऊन बसायचा. अमेरिकेतलं पॉपीचं फूल मे महिन्यात असतं, जखमी सैनिकांसाठी. नोरा दरवर्षी डब्यात घडी केलेली नोट टाकायची आणि फूल न घेता पुढे जायची. मी रेला विचारलं, तुला राग नाही येत? तो म्हणाला, "फूल घेणारे शंभर येतात. पाय दुखतोय का हे रोज विचारणारी ती एकटी आहे."

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत नोरा आमच्या अपार्टमेंटमध्ये फराळाला आली. बायकोने चकली पुढे केली, आणि नोराचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. माझे पणजोबा. फेटा, खाकी, हातात बंदूक. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत. मी लगेच छाती फुगवून सुरू झालो. आमच्या सातारा भागात किती गावांत इंग्रज सरकारने दगड बसवलाय, त्यावर गावातून किती गेले, किती मेले, कसं कोरलंय, आमच्या घराला अजून 'फौजीचं घर' कसं म्हणतात, सगळं सांगितलं. नोरा फोटोपुढे उभीच होती.

"माझे वडीलही त्याच युद्धात होते," ती म्हणाली. "त्याच सैन्यात."

बायको आत करंज्या तळत होती. चहा निवत ठेवून नोराने मला एकट्याला जे सांगितलं, ते असं. गावात काम नव्हतं, घरात खाणारी तोंडं फार, म्हणून पोरगा इंग्रजांच्या सैन्यात भरती झाला. चार वर्षं चिखलात लढला. परत आला तर देश उलटापालटा झालेला, इंग्रजांविरुद्ध उठलेला. त्याच्या अंगावर जो गणवेश होता तोच गणवेश घातलेल्या लोकांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत शेजारची घरं जाळली, त्याच्या सख्ख्या चुलतभावाला दारात गोळी घातली. मोठा भाऊ त्यानंतर आयुष्यभर त्याच्या पंगतीला बसला नाही. गाव म्हणायचं गद्दार. आणि तालुक्याच्या गावचे इंग्रजधार्जिणे जमीनदार वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, गाडी पाठवायचे: ये, फूल लाव, आमच्याबरोबर उभा राहा. तो कधी गेला नाही. त्याने पदकं टिनच्या डब्यात घालून कोंबड्यांच्या खुराड्यात पुरली. दर अकरा नोव्हेंबरला तो कुदळ घेऊन सगळ्यात लांबच्या शेतात जायचा आणि रस्त्याकडे पाठ करून दिवसभर खणायचा. छातीवर काही आहे की नाही, ते कोणालाच दिसू नये म्हणून.

"मरताना मला म्हणाला, जिवंतपणी दोघांनी ओढाताण केली, मेल्यावर तरी कोणाला करू देऊ नकोस. ना ह्यांच्या यादीत, ना त्यांच्या. मी शब्द दिलाय." मग तिने वडिलांचं नाव सांगितलं, पलटण सांगितली. "हे मी अमेरिकेत कोणाला बोलले नाही, दत्तात्रय."

आणि मला काय वाटलं माहितीये? मला अभिमान वाटला. ह्या बाईने मलाच सांगितलं म्हणून. ती काय सांगत होती ते बाजूला राहिलं, कोणाला सांगितलं त्याचंच मला कौतुक.

पंधरवडा गेला असेल. नोव्हेंबरातल्या रविवारी टीव्हीवर बातमी आली. तिकडे अकरा तारखेच्या लगतच्या रविवारीही त्याच फुलांचा कार्यक्रम असतो. उत्तर आयर्लंडमधल्या एका गावात त्यासाठी युद्धस्मारकापाशी जमलेल्या लोकांत आयरिश अतिरेक्यांचा बॉम्ब फुटला. बरीचशी वयस्कर माणसं, कोट घालून, फुलं लावून प्रार्थनेला उभी होती. ढिगाऱ्याखाली मेली.

सोमवारी नोरा कामावर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "माझ्या नावाने मारतात मेले!" ती लॉकरच्या दाराशी उभी राहून म्हणाली. "मला विचारलं का? प्रार्थनेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना! थू!" पण हे ऐकायला मी आणि रे सोडून कोण होतं? दुपारपर्यंत तिच्या लॉकरवर कोणीतरी बॉम्बचं चित्र काढलेला कागद चिकटवला. तिने तो काढला, चुरगळला आणि नियमाप्रमाणे बाहेरच्या बादलीत टाकला. मंगळवारी व्हिटकरची नोटीस लागली: उद्या अकराला सगळे सुपरवायझर कॅन्टीनमध्ये हजर पाहिजेत, फुलासकट. अपवाद नाही. कॉफीच्या मशीनपाशी लोक उघड बोलू लागले, बघू या आता आयरिश बाई काय करते. लावलं नाही तर समजायचं काय ते.

इथे मी शहाणपणा केला. आपल्याकडे एखाद्यावर बालंट आलं, की आपण काय करतो? त्याचं घराणं सांगतो. अहो, चांगल्या घरचा आहे, वडील अमुक होते, आजोबा तमुक. सोयरीक असो, पोलीस चौकी असो की कॉलेजची ॲडमिशन, घराणं सांगितलं की समोरचा नरमतो. मी टाय सारखा केला आणि व्हिटकरच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "सर, नोराबद्दल गैरसमज नको. तिचे वडील तुमच्याच सैन्यात होते. पहिल्या महायुद्धात." नाव सांगितलं. पलटण सांगितली. गाव आठवत नव्हतं, नाहीतर तेही सांगितलं असतं!

व्हिटकर खुर्चीतून उठला. त्याचे डोळे पाणावले होते, खोटं नाही सांगत. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "डॅट, यू आर अ गुड फ्रेंड टु हर."

मी तरंगत घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबवून म्हणाली, "तिला विचारलंत का?"

"तुला ऑफिसातलं काय कळतं?" मी तिच्यावर डाफरलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बुधवारी अकराला कॅन्टीन भरलं. नोरा आली, झगा उतरवून, साध्या करड्या स्वेटरमध्ये, छातीवर काही नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. मी समोरच, माझ्या शर्टावर लालभडक फूल. दोन मिनिटांची शांतता झाली. मग व्हिटकर बोलू लागला. रविवारच्या मेलेल्यांबद्दल बोलला, ते ठीक होतं, नोराने मान खाली घातली होती. आणि मग म्हणाला, की आज आपल्यातल्याच एकीच्या शूर वडिलांचं नाव आपण आपल्या शहिदांच्या आणि सैनिकांच्या यादीत घेणार आहोत. आणि ते पूर्ण नाव, पलटणीसकट, त्याने खणखणीत आवाजात वाचलं.

नोराने मान वर केली. असा चेहरा मी त्यानंतर कोणाचा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही. तिने आधी व्हिटकरकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

तो गाढव आपला फूल आणि टाचणी घेऊन तिच्यापर्यंत पोचला होता. टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्याचा हात तिच्या स्वेटरला लागणार, तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं.

"तुम्ही त्यांना विचारलंत?" ती म्हणाली. टाळ्या थांबल्या. "चाळीस वर्षं तुमचे लोक गाडी पाठवत होते, ते एकदाही बसले नाहीत. आता ते मेलेत, तर तुम्ही त्यांना उचलून बसवताय?"

"नोरा, हा सन्मान आहे."

"सन्मान? तुमच्या सैन्याने त्यांचं तारुण्य घेतलं, मग त्यांचा भाऊ घेतला, गाव घेतलं. नाव तेवढं उरलं होतं, ते मी इथपर्यंत सांभाळून आणलं होतं!"

"मग तू कोणाच्या बाजूची आहेस?" व्हिटकरचा आवाज चढला. "रविवारनंतर लोकांना हे कळायला नको?"

"रविवारच्या माणसांसाठी मी चर्चमध्ये जाऊन रडले. ते तुम्हाला दाखवायला नव्हतं. आणि ज्यांनी मारलं, त्यांना माझ्याइतके शिव्याशाप तुम्ही दिले नसतील. पण मी खुनी नाही हे सिद्ध करायला मला कागद टोचून घ्यावा लागत असेल, तर नाही टोचणार मी. समजा काय समजायचं ते!"

मागून रेचा आवाज आला, "सर, हे फूल ज्यांच्यासाठी असतं त्यांतला एक मी आहे ना? माझं काही म्हणणं नाही. बाईला जाऊ द्या." नोराने व्हिटकरचं मनगट सोडलं, कॅन्टीनमधून चालत गेली, झगा चढवला, आणि आपल्या जागी जाऊन पाळी संपेपर्यंत काम केलं. त्या दिवशी एकही चकती फुकट गेली नाही, हे मी रजिस्टरमध्ये स्वतः पाहिलंय.

शुक्रवारी तिचं सुपरवायझरपद काढून घेतलं. टीम स्पिरिट नाही म्हणे! एकोणीस वर्षं जिने त्यांची फॅक्टरी देवघरासारखी ठेवली, तिला त्यांनी मागच्या शेडमध्ये पॅकिंगला लावलं, खोक्यांच्या धुळीत. तिने लॉकर रिकामा केला आणि राजीनामा देऊन गेली. भांडली नाही. रे व्हिटकरच्या केबिनमध्ये जाऊन भांडला, त्याच्या लाकडी पायाचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. आणि मी? माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर व्हिटकरची सही व्हायची होती. मी मान खाली घालून आकडे तपासत बसलो. राग यायचा तर तो मला तेव्हा यायला हवा होता, तोंडावर, केबिनमध्ये. आता खेकसून काय उपयोग!

रविवारी बायकोने बेसनाचे लाडू डब्यात भरून दिले. "रिकाम्या हाताने जाऊ नका," एवढंच म्हणाली. ती स्वतः आली नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

नोराच्या घराचं दार उघडंच होतं, आत खोकी भरलेली होती. बॉस्टनकडे धाकटी बहीण होती, तिच्याकडे निघाली होती. तिने मला आत ये म्हटलं नाही. डबा घेतला, हातात धरून ठेवला.

"नोरा, मला वाटलं तुझ्या भल्याचं होईल."

"माहितीये. व्हिटकरलाही तसंच वाटलं."

मी म्हणालो, माफ कर. मग तिने विचारलं, "तुझे पणजोबा, तो फोटोतला माणूस. तो खुशीने गेला होता का?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. दगडावर कोरलंय, पेन्शन आली, फोटो लावला, झालं. त्यांच्या बायकोला कोणी विचारलं, आईला विचारलं, की त्यांना स्वतःला विचारलं? मी दरवर्षी त्यांच्या नावाने ते फूल लावत होतो, आणि माणसाबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"निदान तेवढं खरं बोललास." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "माझं एक काम कर, दत्तात्रय. माझ्या वडिलांचं नाव विसर. नाहीच जमलं, तर निदान परत कधी घेऊ नकोस. कोणापाशी नाही. चांगलं बोलायला सुद्धा नाही."

मी हो म्हणालो. तिने मान हलवली आणि बाहेरचं जाळीचं दार ओढून घेतलं. दाराच्या जाळीतून ती लाडवांचा डबा खोक्यांवर ठेवताना, मग स्वेटरच्या बाह्या वर सरकवून पुढचं खोकं बांधायला घेताना दिसली. ती मला शेवटची दिसली ती अशी. पत्र नाही, फोन नाही. आता असायची शक्यताही नाही.

नाव विसरायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. पलटणीसकट पाठ आहे. लाडू देऊन परत आलो त्या रात्री बायकोने ते नाव विचारलं होतं, नंतर मुलगी मोठी झाल्यावर तिनेही एकदा विचारलं, "बट बाबा, व्हॉट वॉज हिज नेम?" मी तिला म्हणालो, ते सांगायचं नाहीये.